काडेपेटी गावात, चष्मा तालुक्याला

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर पुढील गोष्टी एकाखाली एक लिहा : काडेपेटी, दळण, केस कापणे, सायकलचे पंक्चर, खताची गोणी, दहावीचा वर्ग, चष्मा, जमिनीच्या खरेदीची नोंदणी, लग्नाचे दागिने, मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया, विद्यापीठाची पदवी. आता प्रत्येकीसमोर लिहा, की या गोष्टीसाठी तुमच्या घरातील माणसे कोठे जातात आणि घरापासून ते ठिकाण किती किलोमीटर आहे.

तुम्ही यावल तालुक्यातील एखाद्या खेड्यात राहत असाल, तर तुमची यादी साधारण अशी होईल. काडेपेटी गल्लीच्या तोंडाशी, दळण गावातच, खत शेजारच्या मोठ्या गावात, चष्मा आणि खरेदीची नोंदणी तालुक्याला, दागिने जळगावच्या सराफ बाजारात आणि अवघड शस्त्रक्रिया जळगावला किंवा त्याही पुढे. तुम्ही साक्री तालुक्यातील असाल, तर जळगावच्या जागी धुळे येईल. नावे बदलतील, पण यादीचा आकार बदलणार नाही. रोज लागणारी वस्तू जवळ, वर्षातून एकदा लागणारी लांब आणि जन्मात एकदा लागणारी फार लांब.

हे कोणी ठरवले? गावोगावी किती पिठाच्या गिरण्या असाव्यात, याचा हुकूम कोणत्याही सरकारने कधी काढलेला नाही. तरीही सगळीकडे सारखाच क्रम दिसतो, त्या अर्थी त्यामागे काही नियम असला पाहिजे. तो नियम समजून घेणे हा या लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू अधिक महत्त्वाचा आहे : या नियमाने कोणाचे भागते आणि कोण मागे राहतो, हे ओळखता येणे.

दोन साधे आकडे

कोणतेही दुकान, दवाखाना किंवा शाळा कोठे टिकेल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट म्हणजे किमान गिऱ्हाईक. चष्म्याच्या दुकानाचा हिशेब करून पाहू. (हे आकडे केवळ हिशेबापुरते धरले आहेत, तुम्ही चौकशी करून ते बदलू शकता.) समजा, दुकानाचे भाडे, कारागिराचा पगार आणि मालकाचा चरितार्थ निघण्यासाठी रोज ३ चष्मे खपले पाहिजेत. वर्षातून ३०० दिवस दुकान उघडे असेल, तर वर्षाला ९०० चष्मे झाले. दहा माणसांत एक जण चष्मा वापरतो आणि तो तीन वर्षांनी बदलतो, असे धरू. म्हणजे हजार वस्तीमागे १०० चष्मेवाले आणि वर्षाला साधारण ३३ चष्म्यांची मागणी. ९०० ला ३३ ने भागा. उत्तर सुमारे २७ येते. म्हणजे निदान २७ हजार माणसे पाठीशी असल्याशिवाय हे दुकान चालणार नाही. दोन हजार वस्तीच्या गावात कोणी हौसेने ते काढलेच, तर वर्षभरात त्याला कुलूप लागेल. त्याच गावात किराणा दुकान मात्र उत्तम चालेल, कारण तेल-मीठ प्रत्येक घराला रोज लागते. किराण्याला दोनतीनशे माणसेही पुरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पल्ला. एखाद्या गोष्टीसाठी माणूस जास्तीत जास्त किती लांब जायला तयार होतो, ते अंतर म्हणजे तिचा पल्ला. काडेपेटीसाठी कोणी दहा किलोमीटर जात नाही, कारण जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ काडेपेटीच्या किमतीपेक्षा अधिक होतो. मुलीच्या लग्नाचे सोने घेण्यासाठी मात्र शंभर किलोमीटर जाण्याची तयारी असते.

आता या दोन गोष्टी एकत्र करा. एखाद्या गावाभोवती पल्ल्याएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्या वर्तुळात किमान गिऱ्हाईक सापडले, तर ती सेवा तेथे उभी राहते. सापडले नाही, तर उभी राहत नाही. सगळा नियम एवढाच आहे.

मधाच्या पोळ्यासारखा नकाशा

हा विचार पद्धतशीरपणे प्रथम मांडला तो वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने. दक्षिण जर्मनीतील गावांचा अभ्यास करून त्याने १९३३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आजूबाजूच्या वस्त्यांना सेवा पुरवणाऱ्या गावाला त्याने ‘मध्यवर्ती स्थान’ म्हटले. क्रिस्टालरचे म्हणणे असे : जमीन सगळीकडे सपाट असेल, लोक सारखे पसरलेले असतील आणि कोणत्याही दिशेने जाणे सारखेच सोपे असेल, तर गावांची रचना मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी होईल.

षटकोनीच का? वहीवर एकाशेजारी एक बांगड्या ठेवून पाहा. वर्तुळे कितीही चिकटवली तरी मध्ये तिकोनी फटी राहतात. त्या फटींतील माणसांना कोणतेच दुकान जवळ नाही. फटी बुजवण्यासाठी वर्तुळे एकमेकांवर सरकवली, तर दोन दुकानांच्या वाट्याला एकच प्रदेश येतो. तेथील माणूस जवळच्या दुकानी जाणार, म्हणून तो भाग मधोमध सरळ रेषेने वाटला जातो. अशा सहा रेषा आखल्या, की वर्तुळाचा षटकोन होतो.

मोठ्या केंद्राचे क्षेत्र लहानापेक्षा किती मोठे असते, तेही काढता येते. मधोमध एक मोठे गाव आणि त्याच्याभोवती सहा लहान गावे अशी आकृती काढा. प्रत्येक लहान गाव तीन मोठ्या गावांपासून सारख्या अंतरावर आहे. तेथील लोक मोठ्या खरेदीसाठी त्या तिन्हीकडे सारखे विभागून जातात. म्हणजे आपल्या मोठ्या गावाला प्रत्येक लहान गावाचा तिसरा हिस्सा मिळाला. सहा गावांचे सहा तृतीयांश, म्हणजे २. त्यात मोठ्या गावाचा स्वतःचा परिसर १ मिळवा. बेरीज ३. मोठ्या केंद्राचे क्षेत्र लहानाच्या तिप्पट झाले. त्याहून वरचे केंद्र त्याच्या तिप्पट, असे हे जिने वर चढत जातात. म्हणूनच लहान गावे पुष्कळ, मध्यम थोडी आणि मोठी शहरे मोजकीच असतात.

एखादे गाव किती महत्त्वाचे केंद्र आहे, हे क्रिस्टालरने कसे मोजले असेल? त्याने टेलिफोन मोजले. त्या काळी टेलिफोन दुकानदार, डॉक्टर, वकील आणि कचेऱ्या यांच्याकडेच प्रामुख्याने असत. वस्तीच्या मानाने जेथे टेलिफोन जास्त, तेथे बाहेरच्या लोकांची कामे जास्त होतात, असे त्याने मानले. आज प्रत्येकाच्या खिशात टेलिफोन आहे, तेव्हा ही युक्ती चालणार नाही. आपल्याला दुसरी शोधावी लागेल. ती लेखाच्या शेवटी सांगितली आहे.

खानदेशात पोळे नाही, माळा आहेत

आता जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचा नकाशा समोर घ्या. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला साक्रीकडे सह्याद्रीची टोके आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर या नद्या तिला येऊन मिळतात. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आणि सुमारे दीड हजार गावे आहेत, धुळे जिल्ह्यात ४ तालुके आणि सुमारे पावणेसातशे गावे. म्हणजे दोन्ही मिळून सुमारे बावीसशे गावे, तालुक्याची १९ ठिकाणे आणि जिल्ह्याची २. क्रिस्टालरचा जिना येथे स्पष्ट दिसतो. पण षटकोन दिसतात का? नाही. त्याऐवजी तीन माळा दिसतात.

पहिली माळ तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे : रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे मणी ओवलेले आहेत. दुसरी माळ सुरत–नागपूर महामार्गाची : धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. तिसरी माळ लोहमार्गाची आहे आणि तिला दोन पदर आहेत. मुंबईकडून येणाऱ्या मार्गावर चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. आणि सुरतकडून तापी खोऱ्यातून येणाऱ्या मार्गावर दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव.

क्रिस्टालरला हेही ठाऊक होते. जेथे वाहतुकीचा प्रभाव अधिक, तेथे केंद्रे रस्त्याच्या कडेने येतात, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. खानदेश हा तापीच्या बाजूने लांबट पसरलेला प्रदेश असल्याने त्याच्या माळा व्हाव्यात, हे साहजिक आहे.

या मण्यांमधील अंतरे पाहा. सुरत–नागपूर रस्त्यावर धुळे, पारोळा, एरंडोल आणि जळगाव ही एकमेकांपासून साधारण २५ ते ४० किलोमीटरवर आहेत. जळगाव–भुसावळ लोहमार्गाने २४ किलोमीटर. आता बैलगाडीच्या काळात जा. बैलगाडी तासाला तीनचार किलोमीटर जाते. पहाटे निघून बाजार करून रात्री घरी यायचे, तर एका बाजूचे अंतर १५ किलोमीटरच्या पलीकडे परवडत नाही. दोन बाजारपेठांच्या मध्यावरच्या गावाला दोन्हीकडे १५-१५ किलोमीटर, म्हणजे बाजारपेठांमधले अंतर सुमारे ३० किलोमीटर येते. बैलगाडी रस्त्यावरून जवळजवळ गेली, पण तिची एका दिवसाची धाव नकाशावर उमटून राहिली आहे.

पल्ला केवळ किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, याचा उत्तम धडा तापी देते. नदीपलीकडचे गाव डोळ्यांना दिसते, पण पूल नसेल तर तेथील दवाखाना आपल्याला नसल्यासारखाच. जळगावहून उत्तरेला जाताना विदगावजवळ तापीवर पूल लागतो. असा एक पूल झाला, की उत्तर तीरावरच्या किती गावांना जिल्ह्याचे ठिकाण एकदम जवळ येते, याचा विचार करा. गावे जागची हलत नाहीत, तरी अंतर कमी होते.

जिन्यावरची जागा कायमची नसते

तुम्हाला वाटेल, की जळगाव आणि धुळे ही पूर्वीपासूनच मोठी शहरे असतील. तसे नाही. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर नावाचे गाव आहे. फारुकी राजांच्या आरंभीच्या काळात ती खानदेशाची राजधानी होती. पुढे तो मान बऱ्हाणपूरला गेला. आज थाळनेरच्या लोकांना मोठ्या कामासाठी शिरपूर किंवा धुळे गाठावे लागते.

१८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेशावर इंग्रजी अंमल आला. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने नव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण म्हणून धुळे निवडले. कचेरी आली, तशी न्यायालये, वकील, शाळा, खाणावळी आणि दुकाने आली. जळगावची गोष्ट वेगळी आहे. त्याला आधी कचेरीने नव्हे, तर आगगाडीने आणि कापसाने मोठे केले. १८६० नंतरच्या काही वर्षांत लोहमार्ग खानदेशात आला. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा पूर्व भागाचे मुख्य ठिकाण जळगाव झाले.

१९०१ च्या जनगणनेत धुळ्याची वस्ती सुमारे २५ हजार आणि जळगावची सुमारे १६ हजार होती. २०११ च्या जनगणनेत जळगाव सुमारे ४ लाख ६० हजारांवर आणि धुळे सुमारे ३ लाख ७५ हजारांवर होते. जळगाव मुख्य लोहमार्गावर होते. धुळ्याला १९०० मध्ये चाळीसगावहून ५६ किलोमीटरचा फाटा मिळाला. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग मात्र धुळ्यालाच एकमेकांना छेदतात. भुसावळ तर रेल्वेनेच घडवलेले गाव. ते तालुक्याचे ठिकाण असूनही २०११ मध्ये त्याची वस्ती सुमारे १ लाख ८७ हजार होती. दोंडाईचा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव, पण ते तालुक्याच्या गावापेक्षा मोठे आहे. केळीच्या पट्ट्यातील सावदा आणि फैजपूर ही एकमेकांच्या अगदी जवळची गावे. दोन्ही तालुक्याची ठिकाणे नाहीत. शिवाय एक रावेर तालुक्यात आणि दुसरे यावल तालुक्यात. बाजार आपल्या वाटेने चालतो आणि कचेरी आपल्या वाटेने, हे येथे दिसते. बाजारात गिऱ्हाईक तीन ठिकाणी विभागून जाऊ शकते. एका गावाला तीन तालुके मात्र असू शकत नाहीत.

काही सेवा वरच्या पायरीवरून हळूहळू खालीही येतात. १९४५ मध्ये जळगाव आणि अमळनेर येथे महाविद्यालये निघाली, पण पदवी देणारे विद्यापीठ आधी मुंबईचे आणि नंतर पुण्याचे होते. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय धुळ्यात आधीपासून होते. जळगावला ते २०१८ मध्ये सुरू झाले. अशी एकेक पायरी खाली आली, की हजारो घरांचा प्रवास वाचतो.

गिऱ्हाईक येत नसेल तर दुकान जाते

आता एक अडचण पाहू. समजा, कापडविक्रेत्याला दहा हजार माणसे हवीत, पण लोक पाच किलोमीटरपलीकडे चालत नाहीत आणि पाच किलोमीटरच्या वर्तुळात दोनच हजार माणसे आहेत. नियमाप्रमाणे तेथे कापडाचे दुकान निघणार नाही. मग लोकांनी कापड घ्यायचे कोठून?

यावर आपल्या पूर्वजांनी काढलेला तोडगा म्हणजे आठवडे बाजार. विक्रेत्याने एका जागी बसायचे नाही. सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या, असे फिरायचे. एका गावात दोन हजार, तर पाच गावांत मिळून दहा हजार. किमान गिऱ्हाईक जमले आणि कोणाला फार चालावेही लागले नाही. शेजारशेजारच्या गावांचे बाजार सहसा एकाच वारी का नसतात, याचे कारण यातच आहे. ते एका वारी आले, तर विक्रेत्यांचे आणि गिऱ्हाइकांचेही नुकसान होईल.

असा तोडगा काही आपल्याच देशात निघालेला नाही. विल्यम स्किनर या अमेरिकन अभ्यासकाने १९६४-६५ मध्ये चीनमधील ग्रामीण बाजारांवर प्रसिद्ध केलेल्या लेखनात हीच रचना दिसते. तेथेही ठरावीक दिवसांनी बाजार भरत, शेजारच्या बाजारांचे दिवस वेगवेगळे असत आणि एका बाजाराला सरासरी अठराएक खेडी जोडलेली असत.

काही बाजार वर्षातूनच येतात. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत भोंगऱ्या बाजार भरतात आणि पाड्यापाड्यांवरचे पावरा व भिल्ल बांधव तेथे खरेदीला उतरतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. (सारंगखेडा पूर्वी धुळे जिल्ह्यात होते, १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून ते तिकडे आहे.) घोडा विकत घेणारे थोडे आणि दूरदूरचे. त्यांना एकत्र आणायला वर्षातील काही दिवसच पुरतात.

वर्तुळाबाहेरची माणसे

आठवडे बाजाराने कापडाचा प्रश्न सुटतो. पण साप मंगळवारीच चावेल आणि डॉक्टरही मंगळवारीच येईल, असे कसे होईल? बाळंतपण बाजाराच्या वाराची वाट पाहत नाही. शाळा आठवड्यातून एक दिवस भरवून चालत नाही. अशा सेवा रोज आणि जवळच लागतात. त्या नफ्याच्या हिशेबावर सोडल्या, तर विरळ वस्तीच्या भागात त्या कधीच उभ्या राहणार नाहीत. म्हणून तेथे शासनाने पुढे व्हावे लागते.

आरोग्यसेवेसाठी शासनाने किमान गिऱ्हाइकाऐवजी लोकसंख्येचे मापच ठरवून दिले आहे. सपाट प्रदेशात ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागे एक ग्रामीण रुग्णालय. डोंगराळ आणि आदिवासी भागात ही मापे खाली आणली आहेत : ३ हजार, २० हजार आणि ८० हजार.

ही सूट पुरेशी आहे का? गणिताने तपासू. जळगाव जिल्ह्यात २०११ मध्ये सरासरी एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ३६० माणसे राहत होती. (यात शहरेही आली.) ३० हजारांना ३६० ने भागा. सुमारे ८३ चौरस किलोमीटर आले. एवढ्या क्षेत्राच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ५ किलोमीटर येते. म्हणजे सर्वांत दूरच्या रुग्णाला सरळ रेषेत ५ किलोमीटर जावे लागेल. आता डोंगरात समजा चौरस किलोमीटरमागे ६० माणसे आहेत. २० हजारांना ६० ने भागले, तर सुमारे ३३३ चौरस किलोमीटर येतात आणि त्रिज्या सव्वादहा किलोमीटर. माप एक तृतीयांशाने कमी करूनही अंतर दुप्पट झाले! शिवाय हे अंतर कावळ्याच्या उड्डाणाचे. माणसाला नाला ओलांडून, टेकडी चढून जायचे असते आणि पावसाळ्यात वाटच बंद होते. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांच्या उत्तरेकडील पाड्यांवर आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या आपण का वाचतो, ते या भागाकारात दडलेले आहे.

येथेही सेवेलाच माणसाकडे पाठवण्याचे प्रयत्न झाले. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठच्या, रस्ता नसलेल्या गावांसाठी बोटीवरचे तरंगते दवाखाने चालवण्यात आले. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. पण गाडीला रस्ता लागतो आणि फोनला संदेशवहनाचा मनोरा लागतो, हे विसरून चालणार नाही.

शाळेचा हिशेबही असाच आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार केलेल्या नियमांत, पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले आहे. येथे नियम पल्ल्यापासून सुरू होतो, गिऱ्हाइकापासून नाही. लहान मूल किती चालू शकेल, हा पहिला प्रश्न. उलट २०१७ मध्ये महाराष्ट्रात दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळांतील मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा मोठा वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे, की पाच मुलांच्या शाळेत खेळ नाही, स्पर्धा नाही आणि खर्च फार. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की शाळा दूर गेली की काही मुले, आणि त्यातही मुली, घरीच राहतात. नीट पाहिले तर हा किमान गिऱ्हाईक आणि पल्ला यांच्यातलाच झगडा आहे. दोन्ही बाजूंना काही ना काही खरे आहे, म्हणूनच तो सोपा नाही.

पल्ला सगळ्यांचा सारखा नसतो, हेही या वादातून कळते. मोटारसायकल असलेल्या तरुणाला दहा किलोमीटर म्हणजे पाव तास. त्याच गावातील म्हाताऱ्या आजीला ते अर्ध्या दिवसाचे काम. मजुराला तालुक्याला जायचे, तर भाड्याबरोबर दिवसाची मजुरीही जाते. आठवीतल्या मुलीचा पल्ला बहुधा एसटीच्या वेळापत्रकाने ठरतो. ग्रामीण मुलींसाठी एसटीचा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना म्हणजे, आपल्या भाषेत सांगायचे तर, शाळा न हलवता मुलींचा पल्ला वाढवण्याची युक्ती आहे. मात्र त्यासाठी गावात गाडी यायला हवी आणि ती शाळेच्या वेळेला यायला हवी.

मोटारसायकल आणि मोबाईल यांनी गेल्या काही वर्षांत हा नकाशा आणखी हलवला आहे. पैसे पाठवणे, अर्ज भरणे, सातबारा काढणे यांसाठी पूर्वीइतके हेलपाटे घालावे लागत नाहीत. उलट पल्ला वाढला म्हणून गिऱ्हाईक मधले गाव सोडून थेट शहरात जाते आणि मधल्या गावातील दुकान अडचणीत येते. ज्याच्याकडे वाहन नाही, त्याचे मात्र ते मधले दुकान हेच एकमेव दुकान होते.

करून पाहा

भूगोलाच्या शिक्षकांच्या मदतीने हा उपक्रम दोन महिन्यांत सहज होईल.

१. वीस सेवांची यादी करा : किराणा, गिरणी, पंक्चर, टपाल, बँक, उपकेंद्र, औषधांचे दुकान, दहावीपर्यंतची शाळा, गुरांचा दवाखाना, चष्मा, सोने इत्यादी. वर्गातील प्रत्येक मुलाने आपल्या गावात यांपैकी काय आहे ते नोंदवावे. जितक्या सेवा तितके गुण.

२. टेलिफोनऐवजी एसटी मोजा. बसगाड्यांच्या फेऱ्यांवरून शहरांची क्षेत्रे ठरवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये ग्रीन या भूगोलतज्ज्ञाने १९५० च्या सुमारास वापरली होती. तालुक्याच्या स्थानकावर जा आणि कोणत्या गावी दिवसाला किती फेऱ्या जातात, ते उतरवून घ्या. नकाशावर फेऱ्यांच्या संख्येप्रमाणे जाड-बारीक रेषा काढा. तुमच्या तालुक्याचा खरा सांगाडा समोर येईल.

३. परिसरातील गावांचे आठवडे बाजार कोणत्या वारी भरतात, त्याचा तक्ता करा. एकाच वारी भरणाऱ्या दोन बाजारांमधले अंतर मोजा. लागोपाठच्या वारी भरणाऱ्या बाजारांमधलेही मोजा. काय फरक दिसतो?

४. प्रत्येक आरोग्य केंद्राभोवती प्रमाणानुसार ५ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. मग पूल नसलेले नाले आणि पावसाळ्यात बंद होणारे रस्ते दाखवून वर्तुळे पुन्हा आखा.

चौथ्या नकाशात वर्तुळांच्या बाहेर जी गावे आणि पाडे राहतील, त्यांची नावे वेगळ्या कागदावर लिहा आणि त्यांची लोकसंख्या समोर मांडा. १९७१ मध्ये हैदराबादच्या एका राष्ट्रीय संस्थेने मिरयालगुडा तालुक्याचा असाच अभ्यास करून, नव्या सोयी कोणत्या गावांत केल्या तर अधिक लोकांना जवळ पडतील, ते सुचवले होते. तुमची यादी लहान असेल, पण ती करण्याची रीत तीच आहे. ती तयार झाली, की ग्रामपंचायतीत किंवा पंचायत समितीत नेऊन दाखवा. ‘आमच्याकडे सोय नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोणती सोय, किती माणसांना, किती किलोमीटरवर नाही, हे आकड्यांनिशी सांगणारे थोडे. तुमच्या नकाशाने ते काम होईल.